व्यापारी-कारागिरांनी काय पाहावे, काय वाचावे?

बाजारात शिफारशीला किंमत असते, हे आमच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. गिऱ्हाईकाला हवा तो माल आपल्याकडे नसला की आपण त्याला पलीकडच्या गल्लीतले दुसरे दुकान सांगतो. तेथे माल चांगला मिळाला तर ते गिऱ्हाईक पुढच्या वेळी पुन्हा आपल्याकडेच विचारायला येते. फसले तर त्या दुकानदाराला शिव्या कमी आणि आपल्याला जास्त देते. म्हणूनच जुने व्यापारी कोणाचे नाव सुचवताना दहा वेळा विचार करीत. पवित्र कुरआनात (सूरह निसा, आयत ८५) चांगल्या कामाची शिफारस करणाऱ्याला त्या चांगुलपणात वाटा आहे आणि वाईटाची शिफारस करणाऱ्याला त्या वाईटात, हे स्पष्ट केलेले आहे. शिफारस म्हणजे एक प्रकारची जामिनकीच होय.

परंतु हीच सावध मंडळी पुस्तक किंवा चित्रपट सुचवताना मात्र सारी सावधगिरी बाजूला ठेवतात. स्वतः न वाचलेले पुस्तक 'फार भारी आहे' म्हणून पुतण्याच्या हातात देतात. मोबाइलवर आलेला दोन मिनिटांचा तुकडा पाहून अख्ख्या चित्रपटाबद्दल मत बनवतात. दोन किलो खजूर घेताना जो माणूस चार दाणे फोडून पाहतो, तो मुलाच्या डोक्यात काय भरले जाते आहे हे एकदाही उघडून पाहत नाही, याचे आम्हाला नवल वाटते. तेव्हा गेल्या काही वर्षांत आम्ही जे पाहिले व वाचले त्यातले आमच्या व्यापारी आणि कारागीर वाचकांच्या उपयोगाचे काय, आणि टाळण्यासारखे काय, ते येथे सांगण्याचे योजले आहे.

चित्रपटाच्या बाबतीत आमच्या वाचकांत दोन मते आहेत, याची आम्हाला जाणीव आहे. ज्यांना पडद्यापासून दूर राहायचे आहे त्यांच्याशी आमचा वाद नाही. त्यांच्यासाठी पुस्तके आहेतच. मात्र ज्या घरात पडदा आधीच खिशातून आत आला आहे, त्या घरात 'काहीच पाहू नका' या सांगण्याचा उपयोग होत नाही. तेथे निदान काय पाहावे एवढे तरी सांगणारा कोणी हवा.

आधी टाळण्यासारख्याचा समाचार घेऊ. रॉबर्ट कियोसाकी यांचे 'रिच डॅड पुअर डॅड' हे १९९७ चे पुस्तक मराठीतही मिळते आणि शहराच्या कोणत्याही पदपथावर त्याची थप्पी लागलेली दिसते. आमच्या मोहल्ल्यातल्या धंद्याची स्वप्ने पाहणाऱ्या प्रत्येक तरुणाला कोणीतरी ते सुचवलेले असतेच. त्यात एक गोष्ट चांगली आहे आणि ती आम्ही मान्य करतो. खिशात पैसा आणते ती मालमत्ता आणि खिशातून पैसा नेते तो बोजा, हा भेद लेखकाने सोप्या भाषेत समजावला आहे. हप्त्यावर मोठी गाडी घेऊन दुकानासमोर उभी करणाऱ्यांनी तेवढी प्रकरणे जरूर वाचावीत. पण पुढे हेच महाशय दुसऱ्याच्या पैशाने, म्हणजे कर्ज काढून, मालमत्ता वाढवण्याचा मार्ग दाखवतात, आणि 'चांगले कर्ज' असा एक शब्दच रूढ करून टाकतात. ज्या समाजाला व्याज देणे आणि घेणे दोन्ही मना आहे, त्या समाजाच्या मुलाच्या हातात हे पुस्तक देताना दोन शब्द समजावून द्यायला नकोत काय? शिवाय २०१२ साली याच लेखकाच्या एका कंपनीने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला होता, हेही शिफारस करणाऱ्यांनी सोबत सांगावे. आमची खरी तक्रार मात्र वेगळीच आहे. या आणि अशा पुस्तकांत पैसा कसा फिरवावा हे असते. वस्तू कशी बनवावी, ती टिकाऊ कशी करावी, कारागीर कसा सांभाळावा, गिऱ्हाईक दुसऱ्यांदा कसे यावे, यावर अवाक्षर नसते. आमचे वाचक तर वस्तू बनवणारे आणि विकणारे आहेत.

आता पाहण्यासारख्याकडे वळू. २०२५ च्या फेब्रुवारीत रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' हा चित्रपट आला. मालेगाव म्हटले की वर्तमानपत्रांना एकतर स्फोट आठवतो किंवा दंगल. या चित्रपटाला यंत्रमाग आठवला, त्याबद्दल त्याचे आभार मानले पाहिजेत. १८५७ नंतर उत्तरेतून आलेल्या मोमिन विणकरांनी मोसम नदीकाठच्या या गावात माग रोवले, आणि आज तेथील पुढच्या पिढ्या त्याच खडखडाटात जगत आहेत. शुक्रवारी माग बंद असतात आणि कामगार सिनेमाला जातो. याच गावातल्या नासिर शेख यांनी व्हिडिओ पार्लर चालवता चालवता 'मालेगाव के शोले' बनवला आणि गावाचा एक वेगळाच चित्रपट-धंदा उभा राहिला. त्या खऱ्या माणसांवर हा चित्रपट बेतलेला आहे. फैजा अहमद खान यांचा 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट त्याआधीच आलेला होता. तो भारतातल्या चित्रपटगृहांत २०१२ मध्ये लागला. ज्यांना कथेपेक्षा खरी माणसे पाहायची आहेत त्यांनी आधी माहितीपट पाहावा, असे आमचे मत आहे. बैलगाडीवर कॅमेरा बांधून क्रेनचे काम करून घेणारी ती माणसे पाहिली की भांडवल नाही म्हणून हात बांधून बसणाऱ्याला लाज वाटावी.

पण आम्ही हा चित्रपट सुचवतो तो जुगाडाच्या कौतुकासाठी नव्हे. जुगाडाचे कौतुक आता फार झाले. आमच्या दृष्टीने त्यातल्या दोन गोष्टी व्यापाऱ्याने ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली अशी की, नासिर आधी दुसऱ्यांच्याच चित्रपटांचे तुकडे जोडून पार्लरमध्ये दाखवतो, गर्दी खेचतो, आणि चोरीच्या मालावर पोलिसांचा छापा पडतो. तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात येते की आता आपला माल आपणच बनवावा. आमचे किती व्यापारी वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या छापाचा, दुसऱ्याच्या नकलेचा माल विकत बसले आहेत! भिवंडीचा माणूस सुरतेच्या नमुन्याची नक्कल करतो आणि आणखी कोणी त्याच्या नकलेची नक्कल करतो. छापा पडेपर्यंत थांबण्याची खरोखर गरज आहे काय?

दुसरी गोष्ट अधिक दुखरी आहे. चार मित्र मिळून काम सुरू करतात. काम चालते, नाव होते, पैसा दिसू लागतो, आणि मग नाव कोणाचे, मोबदला किती, कोणाचे ऐकायचे यावरून तेच मित्र एकमेकांचे तोंड पाहीनासे होतात. लिहिणारा फरोग मुंबईला निघून जातो, तेथे त्याला कोणी उभे करीत नाही. शेवटी त्यांना एकत्र आणतो तो मागावर काम करणाऱ्या शफीकचा कर्करोग. पडद्यावर हे पाहताना डोळे पाणावतात, हे खरे. परंतु आमच्या मनात मात्र सारखे येत होते की, पहिल्या दिवशी एका कागदावर चार ओळी लिहून घेतल्या असत्या तर? कुरआनातील सर्वात मोठी आयत कोणत्या विषयावर आहे, असे आम्ही अनेकांना विचारून पाहतो. नमाज, रोजा, हज अशी उत्तरे येतात. ती आहे सूरह बकराची २८२ वी आयत, आणि तिचा विषय आहे उधारीचा व्यवहार लिहून ठेवणे, साक्षीदार ठेवणे, रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा न करणे. आणि आमच्याकडे काय चालते? 'भाईजान, आपल्यात हिशेब कसला!' भावाभावांच्या भागीदारीत, मामा-भाच्याच्या कारखान्यात, हे वाक्य जितके प्रेमाने उच्चारले जाते तितक्याच कडवटपणे दहा वर्षांनी ते कोर्टात आठवले जाते. या कारणासाठी हा चित्रपट भागीदारांनी एकत्र बसून पाहावा, आणि दुसऱ्या दिवशी वही उघडावी.

'सुई धागा' (२०१८) हा शरत कटारिया यांचा चित्रपट अनेक दर्जी आणि शिवणकाम करणाऱ्या भगिनींनी पाहिला असेल. त्याचा पहिला भाग आम्हाला मनापासून आवडला. शिलाई मशीनच्या दुकानात मालकाची थट्टा सहन करणारा मौजी, आजारी आईसाठी त्याने शिवलेला सैल झगा पाहून रुग्णालयातल्या इतर बायकांकडून आलेली मागणी, हे सारे खऱ्या धंद्याच्या जन्मासारखे आहे. गरज दिसते, हात चालतो, गिऱ्हाईक उभे राहते. नंतर कंपनी त्याचा नमुना घेऊन स्वतःच्या नावावर महाग विकते, तेही खोटे नाही. पण शेवटी एका फॅशनच्या स्पर्धेत सारे प्रश्न सुटतात. कापड उधारीवर कोणी दिले, पहिल्या मोठ्या मागणीचे पैसे किती महिन्यांनी आले, मधल्या काळात शिवणाऱ्यांचा पगार कोठून दिला, यापैकी काहीच चित्रपट सांगत नाही. कारागिराला स्पर्धा मारत नाही, थकलेली उधारी मारते. असो. मुलांबरोबर पाहण्यास हरकत नाही, एवढेच त्याबद्दल म्हणू.

आता ज्या पुस्तकासाठी आम्ही हा सारा प्रपंच मांडला त्याच्याकडे येतो. नेहा दीक्षित या पत्रकार भगिनीचे 'द मेनी लाइव्ह्ज ऑफ सईदा एक्स' हे इंग्रजी पुस्तक २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. सईदा ही बनारसच्या विणकर घरातली स्त्री. बाबरी मशिदीच्या विध्वंसानंतरच्या दंगलींत घर-धंदा उद्ध्वस्त झाल्यावर ती नवरा-मुलांसह दिल्लीला येते, आणि पुढच्या तीस वर्षांत पन्नासाहून अधिक प्रकारची कामे करते. जीन्सचे सुटे धागे कापणे, नमकीन तळणे, बदाम फोडणे, चहाच्या गाळण्या, दाराच्या मुठी, फोटोच्या चौकटी, खेळण्यातल्या बंदुका बनवणे. सारे घरात बसून, सारे नगावर. एक दिवस आजारी पडली तर दुसऱ्या दिवशी काम दुसरीच्या घरी गेलेले असते. कोणत्याही कारखान्याच्या हजेरीपटावर तिचे नाव नाही, कोणत्याही सरकारी मोजणीत ती कामगार म्हणून धड दिसत नाही.

हे पुस्तक वाचून हळहळणे सोपे आहे. दंगलीवर, सरकारवर, मोठ्या कंपन्यांवर बोट ठेवणे त्याहून सोपे आहे, आणि त्या बोटात चूकही नाही. आमचा मुद्दा वेगळा आहे. सईदाच्या दारात कच्च्या मालाची गोणी टाकून जाणारा ठेकेदार कोण असतो? तो न्यूयॉर्कहून येत नाही. तो त्याच गल्लीतला, त्याच भाषेचा, पुष्कळदा त्याच मशिदीत नमाज पढणारा माणूस असतो. आणि तो एकटा दिल्लीतच नाही. धारावीत चामड्याच्या पाकिटांना, मोमिनपुऱ्यात जरीला, मालेगाव-भिवंडीत कांडी भरण्याला आणि धागे तोडण्याला जे हात लागतात ते कोणाचे असतात आणि त्यांना नगामागे काय मिळते, हे आमच्या वाचकांइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? एका डझनाला किती मिळतात हे विचारले की ठेकेदार वरच्या व्यापाऱ्याकडे बोट दाखवतो, व्यापारी निर्यातदाराकडे दाखवतो, निर्यातदार परदेशी गिऱ्हाईकाकडे. साखळी फिरून येते ती पुन्हा त्या बाईच्या दारात.

बदामाचे उदाहरण घ्या. दिल्लीच्या करावलनगर भागात अमेरिकेसारख्या देशांतून आलेले कवचाचे बदाम बायका हाताने फोडतात, निवडतात, आणि ते खारी बावलीच्या घाऊक बाजारात जातात. आमच्या रमजानच्या शीरखुर्म्यातही तेच पडतात. मजुरी मोजली जाते ती पोत्यामागे. २००९ च्या डिसेंबरात या बायकांनी मजुरी वाढवण्यासाठी मोठा संप केला. ज्यांचे नाव कोणत्याही वहीत नव्हते त्यांनी ऐन हंगामात दिल्लीचा बदाम अडवून दाखवला. व्यापारी म्हणून आम्हाला संप आवडत नाही, हे कबूल करायला काय हरकत आहे? पण जो हिशेब वहीत लिहिला जात नाही तो कधीतरी रस्त्यावर मांडला जातो. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्या, ही प्रेषितांची (सल्ल.) शिकवण आम्ही जलशांत मोठ्या अभिमानाने ऐकवतो. त्याच शिकवणीपुढे आमच्या धंद्यातली 'आठवड्याने या', 'वरून पैसे आले नाहीत', 'डागी माल वजा केला' ही वाक्ये ठेवून पाहावीत.

यावर आमचे काही व्यापारी मित्र म्हणतील की, आम्ही दर वाढवला तर माल महाग पडेल आणि काम शेजारच्या गावी जाईल. हा आक्षेप पोकळ नाही, आम्ही तो हसण्यावारी नेत नाही. दर एकट्याने वाढवता येत नसेलही. पण ठरलेला दर कागदावर लिहून देणे, शनिवारचे पैसे शनिवारी देणे, माल परत केला तर का परत केला ते दाखवणे, यासाठी बाजारभाव वाढावा लागत नाही.

याच संदर्भात नीरज घायवान यांचा 'होमबाऊंड' (२०२५) पाहावा. बशारत पीर यांनी २०२० मध्ये लिहिलेल्या एका सत्य हकिकतीवर तो आधारलेला आहे. पोलीस भरतीची वाट पाहून थकलेले दोन जिवलग मित्र, एक मुसलमान, एक दलित, शेवटी सुरतेच्या कापड गिरणीत जातात, आणि टाळेबंदी त्यांना रस्त्यावर आणते. पुष्कळांनी तो मित्रांच्या नजरेतून पाहिला. कारखानदार वाचकांनी तो मालकाच्या खुर्चीत बसून पाहावा आणि २०२० च्या त्या एप्रिल-मे महिन्यांत आपल्या कारखान्यातले बिहारी, उत्तर प्रदेशी पोर कोठे होते, हे आठवावे.

शौनक सेन यांचा 'ऑल दॅट ब्रीद्स' (२०२२) हा दीड तासाचा माहितीपट आमच्या लघुउद्योजकांनी चुकवू नये. कान महोत्सवात त्याचा गौरव झाला, ऑस्करच्या अंतिम यादीत तो पोहोचला. त्या मानसन्मानांपेक्षा आम्हाला महत्त्वाचे वाटते ते त्यातले तळघर. दिल्लीच्या वजीराबादमधले नदीम आणि सऊद हे दोघे भाऊ द्रवरूप साबणाचे डिस्पेन्सर बनवतात, आणि त्याच तळघरात आकाशातून पडलेल्या जखमी घारींवर उपचार करतात. एका बाजूला माल, दुसऱ्या बाजूला खोक्यांत घारी. मांस दळण्याचे यंत्र बिघडते, पैशाची ओढाताण होते, मदतीसाठी केलेले अर्ज परत येतात, भावाभावांत कुरबुरी होतात, बाहेर शहर पेटलेले असते. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा खोके उघडले जाते. आमच्याकडे खैरातीची कल्पना अशी झाली आहे की, आधी भरपूर कमवावे, हज करून यावे, मग उतारवयात मदरशाला खोली बांधून द्यावी आणि तिच्यावर नावाची पाटी लावावी. हे दोघे भाऊ धंदा छोटा असतानाच, धंद्याच्याच जागेत, रोज काही तरी करीत राहिले. त्यांच्या तळघरावर पाटी नाही.

मोठ्या धंद्याच्या गोष्टी हव्या असतील तर दोन सांगतो. 'फायर इन द ब्लड' (२०१३) या माहितीपटात सिप्लाचे युसूफ हमीद भेटतात. त्यांचे वडील ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ साली मुंबईत ही कंपनी काढली. एड्सवरच्या औषधांसाठी पाश्चात्त्य देशांत माणशी वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर मोजावे लागत असताना २००१ मध्ये युसूफ हमीद यांनी तेच औषध ३५० डॉलरला देऊ केले. स्वस्त माल म्हणजे हलका माल, असे मानणाऱ्या आमच्या बंधूंनी तो पाहावा.

दुसरी गोष्ट आपल्या खानदेशातली. संदीप खन्ना आणि वरुण सूद यांचे अझीम प्रेमजींवरचे इंग्रजी चरित्र २०२० मध्ये आले. विप्रोचे नाव घेताच बंगळुरूच्या काचेच्या इमारती डोळ्यांपुढे येतात, पण कंपनीची सुरुवात १९४५ मध्ये अमळनेरला तेल गाळण्याने झाली. १९६६ मध्ये वडील वारले तेव्हा एकवीस वर्षांचा मुलगा अमेरिकेतले शिक्षण अर्धवट टाकून परतला आणि वनस्पती तुपाच्या धंद्यात बसला. संगणक पुढे बारा-तेरा वर्षांनी आले. अमळनेरच्या ज्या सामान्य माणसांनी त्या तेलाच्या कंपनीचे चार शेअर घेऊन ट्रंकेत ठेवले आणि विकले नाहीत, त्यांच्या घरांचे पुढे काय झाले हे खानदेशातल्या वाचकांना आम्ही सांगायला नको.

सईदाचे आणि प्रेमजींचे, ही दोन्ही पुस्तके इंग्रजीत आहेत, त्यामुळे अडचण येईल, याची आम्हाला कल्पना आहे. पण आता घरोघरी एखादी मुलगी पदवीपर्यंत शिकलेली आहे आणि तिच्या इंग्रजीचा उपयोग अद्याप जीएसटीचा अर्ज भरण्यापलीकडे कोणी केलेला नाही. ईदनंतर बाजार पंधरा दिवस थंड असतो. इशाच्या नमाजनंतर रोज दहा पाने तिने वाचून मराठीत किंवा उर्दूत सांगावीत आणि अब्बांनी, चाचांनी ऐकावीत. सईदाचे पुस्तक आधी घ्यावे.